कुत्रा दारात, ऑर्डर गल्ल्यावर

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बर्गर, सँडविच, पिझ्झा, वडापाव अशा झटपट खाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक प्राणी घेऊन आलं तर काय करायचं, या एकाच विषयावरची पत्रं या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांत मालक आहेत, गल्ल्यावर उभी राहणारी मुलं आहेत आणि कुत्री पाळणारेही आहेत. एक पत्र न्यू जर्सीहून आलं आहे. तिथला कायदा आपल्या अगदी उलट दिशेनं चालतो, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पुण्यात आमचं बर्गर-फ्राइजचं दुकान आहे. आत चौदा टेबलं, बाहेर दोन पायऱ्या आणि चार फूट रुंद ओटा. शनिवार-रविवारी तीन-चार जण तरी कुत्रा घेऊन आत शिरतात. आमची मुलं 'आणता येणार नाही' म्हणाली की वाद होतो, लोक मोबाइल काढून शूटिंग करतात. नियम नेमका काय आहे? आणि मुलांनी बोलायचं कसं?

नियम सरळ आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा. त्याखाली २०११ साली परवाना आणि नोंदणीचे विनियम आले आणि त्यांच्या अनुसूची ४मध्ये स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताबद्दल जिथे लिहिलं आहे, तिथेच म्हटलं आहे की प्राणी, पक्षी आणि पाळीव जनावरांना खाद्य आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नये. ही तुमच्या परवान्याची अट आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला उत्तर तुम्ही द्यायचं असतं, गिऱ्हाइकानं नाही. एवढं मुलांना आधी नीट समजावून सांगा. 'मालक म्हणतात म्हणून' सांगणाऱ्या मुलाचा आवाज डळमळतो. 'परवान्याची अट आहे' हे माहीत असलेला मुलगा शांतपणे बोलतो.

मात्र मुलांच्या हातात नुसता नकार दिलात तर वाद ठरलेलाच. नकारासोबत जागा द्या. गिऱ्हाइकानं कुठे थांबायचं, ऑर्डर कशी द्यायची, खाणं कुठे मिळेल, हे पहिल्याच वाक्यात आलं की बहुतेक लोक ऐकतात.

फलक दारावरच लावा, ढकलायच्या दांड्याच्या वर, साडेचार-पाच फुटांवर. दोनच ओळी लिहा : 'पाळीव प्राण्यांना आत प्रवेश नाही. बाहेर थांबा, ऑर्डर आणून देतो.' दुसरी ओळ गाळू नका. गल्ल्यामागे मेन्यूशेजारी लावलेला फलक कामाचा नाही, कारण तो दिसेपर्यंत माणूस कुत्र्यासकट रांगेत उभा असतो.

बोलायचं ते पहिल्या तीन-चार पावलांत. पैसे घेऊन झाले, ट्रे हातात आला आणि मग कोणी 'बाहेर जा' म्हणालं, तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं रास्तच असतं. म्हणून गर्दीच्या वेळी दाराकडे लक्ष ठेवणारा एक जण नेमा. तो गल्ल्यावरचा नको, कारण मागे रांग थांबली की तिथे उभा असलेला मुलगा चिडतो. शिफ्टचा इन्चार्ज किंवा टेबलं पुसणारा जाणता मुलगा चालेल. बोलेल तो एकच. दोघं-तिघं भोवती गोळा झाले की गिऱ्हाईकही चढ्या आवाजात बोलतं आणि कुत्राही बिथरतो.

वाक्य असं असू द्या : 'सर, ह्याला आत नाही घेता येत. तुम्ही ओट्यावर थांबा, ऑर्डर मी इथेच घेतो, पैसेही इथेच द्या.' ऑनलाइन पैशांचा कोड बाहेरच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. 'ह्याचं नाव काय?' असं विचारलं तर निम्मा ताण तिथेच उतरतो. 'घाण करतो', 'बाकीच्यांना त्रास होतो' ही वाक्यं मुलांच्या तोंडी येऊ देऊ नका. पहिल्यानं अपमान होतो आणि दुसऱ्यानं हॉलमधले लोक वादात ओढले जातात. मोबाइल निघाला तर त्याला हात लावायचा नाही, तोंड फिरवायचं नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा एकदा. 'शेजारच्या कॅफेत चालतं' असं कोणी म्हणालं तर शेजारच्यांबद्दल काही बोलू नका. 'आमच्याकडे तळण समोरच उघड्यावर आहे' एवढं पुरे.

ओट्यावर भिंतीत एक लोखंडी कडी बसवून घ्या. ती गुडघ्याच्या उंचीवर, दारापासून सहा-सात फूट लांब हवी आणि दोरी ताणली तरी कुत्रा पायऱ्यांपर्यंत पोचता कामा नये. खुर्चीला किंवा हलक्या टेबलाला कुत्रा बांधू देऊ नका. तो जरा हलला की खुर्ची मागून खडखडत येते, तिला घाबरून तो पळतो आणि खुर्चीसकट रस्त्यावर जातो. कडी असली तरी मालकानं सोबत थांबायचं. एप्रिल-मे महिन्यात हाताची मागची बाजू सात सेकंद फरशीवर टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पाण्यासाठी एक स्टीलचं भांडं ठेवा आणि ते बाहेरच्या नळावर विसळा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. फुटपाथवर टेबल मात्र टाकू नका.

'गाडीत ठेवून या' असं मुलांनी कधीही सुचवू नये. बंद गाडीतलं तापमान उन्हात दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसनं चढतं. बाहेर ३२ असलं तर आत ४२. कुत्र्याला घाम येऊन अंग गार होत नाही, तो धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. बर्गर तयार होऊन हातात पडेपर्यंतचा वेळही त्याच्या जिवावर बेतू शकतो.

आणि नजर चुकून कोणी आत येऊन खायला बसलंच असेल, तर अर्ध्या घासावरून उठवू नका. 'उरलेलं पार्सल करून देतो' म्हणा, नको असेल तर पैसे परत करा. कुत्रा गुरगुरत असेल तर आधी आजूबाजूची टेबलं रिकामी करा. त्याचा पट्टा धरायला जाऊ नका, तो मालकालाच धरू द्या.

प्रश्न : माझा पॉमेरेनियन पाच किलोचा आहे. मी त्याला पिशवीत घेऊन बसते, जमिनीवर ठेवतही नाही. लसी सगळ्या दिलेल्या आहेत. तरी डोंबिवलीत दोन ठिकाणी मला आत बसू दिलं नाही. हा अतिरेक नाही का?

ताई, नियमात पिशवी आणि फरशी असा फरक केलेला नाही आणि लसीची वहीही तिथे उपयोगाची नाही. लसीमुळे रेबीजचा धोका जातो. केस, लाळ आणि पंजे तिथेच राहतात. या दुकानांत लोक हातानंच खातात, टेबल एका गिऱ्हाइकानंतर दुसऱ्यासाठी एकाच फडक्यानं पुसलं जातं, आणि पिशवी शेवटी मांडीवरून टेबलावर येतेच. त्याहून मोठी अडचण गर्दीची आहे. हातात फ्राइज घेतलेलं तीन वर्षांचं मूल आणि पिशवीतून बाहेर आलेलं नाक एकाच उंचीवर असतात. मूल हात पुढे करतं आणि एरवी गरीब असलेला कुत्राही अशा वेळी दात लावतो.

त्याच्यासाठी काही मागवत असाल तर तेही सांभाळून. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवले तरी हा गुण जात नाही, आणि टिक्कीत, पॅटीत, सॉसमध्ये ते असतातच. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रासदायक ठरतो. तुमच्या पाच किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत एका मध्यम कांद्यात हे माप भरतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. चॉकलेट शेक, मनुका घातलेली बिस्किटं आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम पूर्ण वर्ज्य. कोंबडीचं शिजलेलं हाड टोकदार तुटतं, तेही नको.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, सँडविचच्या दुकानात गल्ल्यावर काम करते. लहानपणी कुत्रा चावला होता, अजून भीती वाटते. पण कोणी कुत्रा आणला की मॅनेजर मलाच पुढे पाठवतात, म्हणे मुलगी बोलली की गिऱ्हाईक भांडत नाही.

हे चूक आहे, आणि मॅनेजरना तसं स्पष्ट सांगायला तुम्ही अजिबात कचरू नका. घाबरलेला माणूस ताठ उभा राहतो, कुत्र्याकडे टक लावून बघतो, हात झटकन मागे घेतो, श्वास रोखतो. यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याला धोक्याची खूण वाटते. म्हणजे तुम्हाला पुढे पाठवल्यानं तुमचा आणि गिऱ्हाइकांचा, दोघांचाही धोका वाढतो. 'मला पूर्वी चावलेला आहे, हे काम दुसऱ्याला द्या' एवढं एकदा लेखी देऊन ठेवा.

तरीही समोरासमोर आलात तर कुत्र्याकडे पाहू नका, मालकाशी बोला. अंग थोडं तिरकं ठेवा, हात खाली सैल सोडा, रिकामा ट्रे मांड्यांसमोर धरा. वाकू नका, पळू नका. कुत्रा हुंगायला आला तर जागेवर थांबा. शेपटी हलते म्हणजे तो खूश आहे असं समजू नका. ताठ, उंच धरलेली शेपटी भराभर हलत असेल तर तो तणावात असतो. ओठ चाटणं, जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मग गुरगुरणं, असा क्रम बहुधा असतो. गुरगुरण्याआधीच्या खुणा ओळखता आल्या की दोन पावलं मागे सरायला वेळ मिळतो.

चावलाच, किंवा दात लागून खरचटलं, तर दुकान, ऑर्डर, मॅनेजर सगळं सोडून आधी नळाखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही भरू नका, घट्ट बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. दंडात स्नायूत दिली तर १४वा दिवसही येतो. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. मालकाकडून कुत्र्याच्या लसीच्या वहीचा फोटो आणि फोन नंबर घ्या, पण त्या वहीच्या भरवशावर आपली लस लांबवू नका. प्राणी सांभाळण्यात हयगय करून माणसाच्या जिवाला धोका आणणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

प्रश्न : कुत्र्यानं दुकानात लघवी केली. मुलानं लगेच त्यावर ब्लीच ओतलं तर डोळे चुरचुरायला लागले, दोन गिऱ्हाइकं उठून गेली. काय चुकलं? (नाशिक)

क्रम चुकला. लघवीतल्या अमोनियावर ब्लीच पडलं की क्लोरामाइन वायू तयार होतो, डोळे आणि घसा त्यानंच चुरचुरतात. आधी दारं-खिडक्या उघडा, आसपासची दोन टेबलं रिकामी करा. टिश्यू किंवा जुनं वर्तमानपत्र टाकून ओलावा टिपून घ्या, पसरवू नका. मग साबणाच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं पुसा. ब्लीच त्यानंतर. बाजारातलं साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, शेवटी पुन्हा पाणी. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो.

हे काम तळणाऱ्या किंवा सँडविच बांधणाऱ्या मुलाकडे देऊ नका. पोछा वेगळा हवा, त्याच्या दांड्याला लाल पट्टी बांधून ठेवा म्हणजे तो स्वयंपाकघरात जाणार नाही. काम झाल्यावर हातमोजे टाकायचे आणि हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. पावसाळ्यात तर जास्तच जपा. कुत्र्याच्या आणि उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पायाला भेग असली तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. फरशीच्या सांध्यात वास राहिला तर दुसरा कुत्रा नेमका तिथेच पाय वर करतो. त्यासाठी प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. फिनेलच्या उग्र वासाखाली मूळ वास नुसता दबतो.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सीत आमचं सँडविचचं दुकान आहे. मागच्या महिन्यात एक बाई मोठा कुत्रा घेऊन आल्या, 'सर्व्हिस डॉग' म्हणाल्या. आमच्या मुलानं कार्ड मागितलं. बाई संतापल्या, खटला करीन म्हणाल्या. कुत्र्याच्या अंगावर पट्टाबिट्टा काही नव्हता. आम्ही चुकलो का?

हो, कार्ड मागितलं तिथे चुकलात. आपण ज्या व्यवस्थेत वाढलो तिथे कागद मागणं हा शहाणपणा असतो. अमेरिकेत नेमकं तेच करायला मनाई आहे.

१९९०च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अॅक्टनुसार अपंग व्यक्तीचं काम करायला शिकवलेला कुत्रा तिच्यासोबत जिथे गिऱ्हाईक जातं तिथे सगळीकडे जाऊ शकतो. १५ मार्च २०११पासून लागू झालेल्या नियमांत ही व्याख्या कुत्र्यापुरती मर्यादित झाली. मांजर, पोपट, माकड, घोरपडीसारखा इग्वाना यांपैकी कोणीही त्यात बसत नाही. कुत्र्याची सरकारी नोंदणी नसते, ओळखपत्र लागत नाही, जाकीट सक्तीचं नाही. इंटरनेटवर पैसे घेऊन विकली जाणारी प्रमाणपत्रं कायद्याच्या दृष्टीनं कोरा कागद आहेत. त्यामुळे जाकीट घातलेला कुत्रा खरा असेलच असं नाही, आणि न घातलेला खोटा ठरत नाही.

अपंगत्व आणि काम उघड दिसत असेल, जसं अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा, तर काहीच विचारायचं नाही. उघड नसेल तर दोनच प्रश्न विचारता येतात. पहिला : अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस अॅनिमल आहे का? दुसरा : त्याला कोणतं काम शिकवलं आहे? तिसरा प्रश्न नाही. 'तुम्हाला काय झालंय', 'करून दाखवा', 'डॉक्टरांची चिठ्ठी' यांतलं काहीही नाही. हे दोन प्रश्न इंग्रजीत छापून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि मुलांना ते शब्दशः म्हणायला शिकवा. स्वतःच्या शब्दांत विचारायला गेलं की आगाऊ प्रश्न तोंडून निसटतो.

उत्तरात काम ऐकू यायला हवं. साखर उतरली की सूचना देतो, फिट येण्याआधी सावध करतो, बहिऱ्या व्यक्तीला आवाज आल्याचं कळवतो, खाली पडलेली वस्तू उचलून देतो, घबराटीचा झटका आला की अंगावर भार देऊन थोपवतो, ही सगळी कामं झाली. 'जवळ असला की बरं वाटतं' हे काम नव्हे. तो भावनिक आधाराचा प्राणी झाला आणि दुकानात त्याला या कायद्याचं संरक्षण नाही. उत्तर मिळालं की विषय संपला, आवाजात संशय न आणता ऑर्डर घ्या.

बाहेर काढता येतं ते दोन कारणांनी. कुत्रा ताब्यात नाही आणि मालक त्याला आवरत नाही, किंवा त्याला बाहेर विधी करण्याची सवय लावलेली नाही. एकदा भुंकला म्हणजे ताब्यात नाही असं होत नाही. वारंवार भुंकणं, टेबलांमधून फिरणं, लोकांवर उड्या मारणं, हे झालं ताब्यात नसणं. तेव्हाही कुत्र्याला बाहेर जायला सांगायचं, माणसाला नाही. कुत्र्याविना आत या किंवा बाहेर ऑर्डर आणून देतो, हा पर्याय तिथल्या तिथे द्यायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला अॅलर्जी आहे किंवा भीती वाटते हे कारण चालत नाही, दोघांना लांबच्या टेबलांवर बसवा. जात बघून, पिटबुल आहे म्हणून, नकार देता येत नाही. वेगळं भाडं किंवा डिपॉझिट घेता येत नाही. मात्र नुकसान झालं आणि तसं नुकसान इतर गिऱ्हाइकांकडूनही भरून घेत असाल, तर घेता येतं. कुत्र्याला खुर्चीवर बसवणं किंवा टेबलावर भरवणं तुम्ही थांबवू शकता. घाण उचलणं हे मालकाचं काम. सॅलडच्या रांगेत तो मालकासोबत उभा राहू शकतो, स्वयंपाकघरात नाही. तुमच्या मुलानं मायेनं डोक्यावर हात फिरवायचा नाही. कुत्रा कामावर असतो, आणि अन्न हाताळणाऱ्यानं प्राण्याला हात लावू नये असं तिथली अन्नसंहिताही सांगते.

अजून दोन गोष्टी. प्रशिक्षित छोटा घोडा, खांद्यापाशी २४ ते ३४ इंच उंच आणि ७० ते १०० पौंड वजनाचा, त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. त्याला विधीची सवय आहे का, तो ताब्यात आहे का, तुमच्या जागेत मावतो का, त्यानं सुरक्षितता बिघडते का, एवढं पाहून निर्णय घ्यायचा. आणि न्यू जर्सीत शिकत असलेल्या कुत्र्यासोबतच्या प्रशिक्षकालाही प्रवेशाचा हक्क आहे. केंद्राच्या कायद्यात तो नाही, पण राज्याच्या कायद्यात आहे. दंड हलक्यात घेऊ नका. २०१४ साली पहिल्या उल्लंघनाची कमाल मर्यादा ७५,००० डॉलर झाली आणि महागाईनुसार ती त्यानंतर वाढली आहे. शंका आली तर न्याय खात्याच्या ८००-५१४-०३०१ या क्रमांकावर मोफत माहिती मिळते. त्या बाईंची गाठ पडली तर माफी मागा, आणि पुढच्या वेळी काय विचारणार तेही सांगा.

प्रश्न : मुंबईत अंध गिऱ्हाईक मार्गदर्शक कुत्रा घेऊन आलं तर आपला प्राणी-बंदीचा नियमच लावायचा का?

अनुसूची ४मधल्या त्या वाक्यात अशा कुत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ भेदभावाला मनाई करतो आणि वाजवी सोयीची कल्पना कायद्यात आणतो. आमचं मत स्पष्ट आहे : आत घ्या. भिंतीलगतचं, वर्दळीच्या वाटेपासून दूरचं टेबल द्या, कुत्रा टेबलाखाली झोपेल. त्या व्यक्तीशीच बोला, मेन्यू वाचून दाखवा, ट्रे टेबलावर नेऊन द्या, कुठे काय ठेवलंय ते सांगा. कुत्र्याला हाक मारू नका, खायला देऊ नका. कोणी हरकत घेतली तर दुसरं टेबल हरकत घेणाऱ्याला दाखवा.

प्रश्न : नागपुरात आमचं वडापाव-समोशाचं दुकान. गिऱ्हाइकंच भटक्या कुत्र्यांना पाव टाकतात, मग कुत्री आत येतात. मुलं गरम पाणी फेकतात. थांबवलं तर म्हणतात, मग करायचं काय?

गरम पाणी आजच बंद करा. हा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यातला दंड जुना, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण प्राणी मेला किंवा अपंग झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय पोळलेला कुत्रा त्या जागेवरच्या माणसांना घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

कुत्री येतात ती उष्ट्यासाठी. उघडी बादली काढून पायानं उघडणारा झाकणाचा डबा ठेवा आणि तो अर्धा भरला की रिकामा करा. चटणी लागलेले कागद ओट्याखाली पडू देऊ नका. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवा किंवा जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा. शटरखालची फट ६ मिलिमीटरहून कमी ठेवा, त्यानं उंदराची पिल्लंही अडतील आणि त्यांच्यामागून येणारं मांजरही. पाव टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला हटकण्यापेक्षा 'काका, इथे नको, गर्दीत कुणाला तरी चावेल' म्हणा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची तरतूद आहे. वस्तीतल्या खाऊ घालणाऱ्यांशी बोलून ती दुकानापासून लांब ठरवून घ्या. कानाला खाच असलेली कुत्री नसबंदी झालेली असतात. खाच नसलेली मोजून ठेवा आणि तो आकडा महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला द्या.

प्रश्न : खांद्यावर पोपट घेऊन एक जण आमच्या पिझ्झाच्या दुकानात येतो. पोपट गोड बोलतो, मुलं खूश होतात. हरकत घ्यावी का? (कोल्हापूर)

घ्यावी. पक्ष्याची विष्ठा वाळून तिची धूळ हवेत उडते आणि ती श्वासातून गेल्यानं सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. फरफर पंख हलले की ती धूळ पिझ्झावरच बसणार. आणि आपला लाल चोचीचा देशी पोपट असेल तर तो पाळणंच वन्यजीव संरक्षण कायदा १९७२खाली गुन्हा आहे. वन विभागाचा क्रमांक १९२६.

प्रश्न : माथेरानला आमचा मक्याचा आणि फ्राइजचा स्टॉल आहे. पर्यटक घोड्यावर बसल्या बसल्याच ऑर्डर देतात, घोडा तोंड काउंटरवर आणतो. घोडेवाल्यांशी वाद नको आहे.

माथेरानला खाजगी मोटारी नाहीत, घोडा हे तिथलं नेहमीचं वाहन, त्यामुळे त्याला लांब ठेवण्यापेक्षा थांबा ठरवून देणं सोपं. काउंटरपासून दहा-बारा फुटांवर एक आडवा बांबू बांधा, आणि घोडेवाल्यांना सांगा की गिऱ्हाईक तिथे उतरेल. गिऱ्हाईक घोड्यावर बसून खात असेल तर गरम कॉर्नचा कप वर देऊ नका. घोडा बिचकला की ते त्याच्या मानेवर सांडतं आणि मग वर बसलेलं मूल सांभाळणं कठीण. २०१३ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळ व्हाइटफील्ड इथे घोड्यावरून आलेल्या एका बाईंना ड्राइव्ह-थ्रूवर नकार मिळाला, तर त्या घोडा थेट दुकानात घेऊन गेल्या. त्यानं आत लीद टाकली आणि पोलिसांनी जागेवर दंड केला. आतल्या गिऱ्हाइकांना मनस्ताप झाला तो वेगळाच. घोडा बांधायला ठरलेली जागा आणि तिथे येऊन ऑर्डर घेणारा माणूस असता तर एवढं झालं नसतं.

पर्यटकांना घोड्याला पाव, फ्राइज भरवू देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचं काही पोटात गेलं की ते आतच राहतं, पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावतो. घोडेवाल्याचं त्यात पोट जातं, म्हणून हे कारण सांगितलंत तर तो तुमच्या बाजूनं बोलेल. लीद लगेच फावड्यानं उचला, पाणी मारून पसरवू नका. तिच्यात धनुर्वाताचे जंतू असतात. स्टॉलवरच्या मुलांच्या हाताला सुरीनं कापलं असेल तर ते काम त्या दिवशी दुसऱ्याला द्या आणि सगळ्यांची धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते विचारून घ्या. मुलांना एवढं शिकवाच : घोड्याच्या मागून जायचं तर त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी खेटून, नाहीतर दहा फूट लांबून. मधल्या अंतरावर लाथ पूर्ण जोरानं बसते.